वापसा आणि पाणाड्या : ‘आतून कळतं’ म्हणजे नेमकं काय?

(अंतरवाली सराटी, ता. अंबड, जि. जालना इथे दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे. शेवटी श्रोत्यांमधला एक प्रश्न आणि त्याचं उत्तर जोडलं आहे.)

मागे उभी असलेली पोरं पुढे आली तरी चालतील, इथे सतरंजीवर जागा आहे.

आजचा विषय पत्रिकेवर ‘अंतःप्रेरणा’ असा छापलाय. मघाशी चहा घेताना एक आजी म्हणाल्या, “म्हणजे कशावर बोलणार रे बाबा?” मी म्हणालो, “आजी, आपल्याला एखादी गोष्ट आतून कळते ना, त्यावर.” त्या म्हणाल्या, “मग त्यात बोलायचं काय? कळतं ते कळतं.” (हशा) तेव्हा पुढचा तासभर मी आजींशी वाद घालतोय असं समजा.

माझं काम पुस्तकं वाचायचं आणि त्यांच्याशी भांडायचं. या विषयावर गेल्या पंचवीसेक वर्षांत जगभर खपलेली चार पुस्तकं आहेत. आपल्याकडची शहाणीसुरती माणसं भाषणात, व्यवस्थापनाच्या वर्गात, मोबाइलवरच्या व्हिडिओत त्यांचे दाखले देतात. ती पुस्तकं इथे, या काळ्या जमिनीवर आणून ठेवली तर किती टिकतात, ते आज बघायचंय. त्याआधी घरातली एक गोष्ट सांगतो, कारण माझं भांडण तिथून सुरू झालं.

२०१३ चा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या. कोणी टँकरनं झाडं जगवली, कोणी कुऱ्हाड लावली. आमची बाग लहान होती. वडिलांनी बोअर घ्यायचं ठरवलं आणि पाणाड्याला बोलावलं. तो आला, नारळ आडवा तळहातावर ठेवून बांधावरून चालत गेला. एका जागी नारळ उभा राहिला. तो म्हणाला, “दोनशे फुटांवर पाणी, मनात शंका आणू नका.” दोनशे फुटांवर फुफाटा. फोन केला तर म्हणाला, “धार चुकली नाही, अजून ऐंशी फूट जा.” गेलो. फुफाटाच. मग दुसरी जागा, दुसरा बोअर. तोही कोरडा. बाग गेली आणि कर्ज राहिलं. ते फेडायला पुढची पाच वर्षं लागली.

आता गंमत बघा. माझे वडील, ज्यांनी त्या नारळावर विश्वास ठेवला, ते शेतीतले अडाणी नव्हते. पहिला पाऊस पडल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते रानात जायचे, चार बोटं खालची माती मुठीत घेऊन दाबायचे, गोळा खाली सोडायचे आणि सांगायचे, “आज नको, उद्या दुपारनंतर तिफण धरा.” गोळा कसा फुटला हे सगळ्यांना दिसायचं. पण त्यावरून ‘उद्या दुपारनंतर’ कसं निघालं, हे त्यांना सांगता यायचं नाही. म्हणायचे, “हाताला कळतं.” आणि वापसा त्यांचा क्वचितच चुकला.

माणूस एकच. दोन्हीकडे त्याला ‘आतून’ पटलं होतं आणि खात्रीही सारखीच होती. एका ठिकाणी पीक उगवलं, दुसऱ्या ठिकाणी बाग गेली. आज माझ्यापुढे एवढाच प्रश्न आहे, की या दोन खात्र्यांत फरक काय आणि तो आधी ओळखता येतो का.

आधी शब्द नीट करून घेऊ. आपण तीन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत भरतो.

पहिली, उपजत प्रवृत्ती. गाईचं वासरू जन्मल्यावर धडपडत उभं राहतं आणि कासेकडे जातं. त्याला कुणी शिकवलेलं नसतं. हा शहाणपणा त्या एका वासराचा नाही, त्याच्या हजारो पिढ्यांचा आहे. दुसरं उदाहरण आपण सुगरण पक्ष्याचं देतो. बहिणाबाईंनी तिच्या खोप्यावर लिहिलेलं गाणं आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पण १९३० मध्ये सलीम अलींनी अलिबागजवळ किहीमला या पक्ष्यांची घरटी नीट बसून पाहिली, तर काय दिसलं? खोपा विणतो नर. तो अर्धवट विणतो, माद्या येऊन तपासतात, एखादीला पसंत पडला की पुढचं काम होतं आणि मग हा गडी दुसरा खोपा विणायला घेतो. (हशा) कोवळ्या नरांची पहिली घरटी ओबडधोबडही असतात. विणायची ओढ उपजत आहे, पण सफाई सरावानं येते. म्हणजे जिथे आपण ‘हे तर निसर्गानंच दिलंय’ म्हणतो, तिथेही थोडी शिकवणी असतेच.

दुसरी गोष्ट, पोटातली जाणीव. हिला मराठीत एक शब्द नाही, पण वाक्प्रचार भरपूर आहेत. पोटात गोळा येतो, काळजात धस्स होतं, मन खातं, मनात शंकेची पाल चुकचुकते. यात कुठेही ‘कळलं’ असं क्रियापद नाही, हे लक्षात घ्या. ही खबर आहे, ज्ञान नाही. शरीर म्हणतं, काहीतरी आहे. काय आहे ते सांगत नाही.

तिसरी गोष्ट, जिला पुस्तकात अंतःप्रेरणा, अंतर्ज्ञान म्हणतात. हे शब्द मला थोडे खटकतात. ‘अंतर्ज्ञान’ म्हटलं की डोळे मिटलेला साधू दिसतो. आपल्या रोजच्या भाषेत याहून बरे शब्द आहेत : अंदाज, आडाखा, ठोकताळा. आणि सगळ्यात चांगलं म्हणजे आपण म्हणतो, ‘हात बसलाय’, ‘नजर बसलीय’. हे ‘बसणं’ फार मोलाचं आहे. बसायला वेळ लागतो. नव्या सुनेचा भाकरीवर हात लगेच बसत नाही, आधी दहा-वीस भाकरी फाटतात. म्हणजे ज्याला इंग्रजी पुस्तकं गूढ म्हणून विकतात, त्यात शिकण्याचा काळ असतो हे आपल्या भाषेनं क्रियापदातच सांगून ठेवलंय.

आता पुस्तकांकडे येऊ.

सगळ्यात जास्त खपलं ते माल्कम ग्लॅडवेल यांचं ‘ब्लिंक’, २००५ चं. सुरुवात झकास आहे. अमेरिकेतल्या गेटी संग्रहालयाला एक प्राचीन ग्रीक पुतळा विकायला आला. संग्रहालयानं चौदा महिने तपासण्या केल्या, दगडाची परीक्षा केली आणि पुतळा खरा ठरवला. मग काही जाणकारांनी तो नुसता पाहिला आणि दोन सेकंदांत त्यांना वाटलं, यात काहीतरी गडबड आहे. ग्लॅडवेल सांगतात, दोन सेकंद जिंकले, चौदा महिने हरले. वाचताना अंगावर काटा येतो.

पण संग्रहालयानं नंतर त्या पुतळ्याखाली पाटी काय लावली? ‘ग्रीक, इसवी सनपूर्व सुमारे ५३०, किंवा आधुनिक बनावट’. किंवा! म्हणजे जाणकारांचं मत बरोबर असण्याचा संभव मोठा असला, तरी प्रकरण पाटीवर उघडंच राहिलं. आणि ज्या कथेचा शेवटचा निकाल लागलेला नाही, ती लेखकानं निकालासारखी पहिल्या पानावर ठेवली. न्याय म्हणून हेही सांगतो, की याच पुस्तकात उलटं उदाहरणही आहे. १९९९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पोलिसांनी अमादू डियालो या निःशस्त्र तरुणावर एक्केचाळीस गोळ्या झाडल्या. त्याच्या हातातलं पाकीट त्यांना बंदूक वाटलं. तिथेही निर्णय क्षणात झाला. मग पुतळ्यावरचे दोन सेकंद आणि हे दोन सेकंद यांत फरक काय? पुस्तक दोन्ही गोष्टी रंगवून सांगतं, पण मोजायची पट्टी हातात देत नाही. वाचक पुस्तक मिटतो तो ‘मनाचं ऐका’ एवढंच घेऊन. आमच्या पाणाड्याचंही म्हणणं तेच होतं.

दुसरं पुस्तक जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर यांचं, ‘गट फीलिंग्ज’, २००७. हे मला जास्त आवडतं, कारण ते गूढ ठेवत नाही, यंत्र उघडून दाखवतं. क्रिकेटमधला उंच उडालेला झेल घ्या. चेंडूचा वेग, वारा, कोन यांचं गणित कोणी मांडत नाही. खेळाडू चेंडूवर नजर ठेवतो आणि नजरेचा कोन बदलू नये अशा बेतानं पळत राहतो. पोचतो तिथे चेंडू येतो. त्याला विचारा, ‘कसं कळलं?’ म्हणेल, ‘अंदाज आला.’ तो अंदाज म्हणजे एक साधा नियम असतो, फक्त त्याला तो सांगता येत नाही.

त्यांचा दुसरा नियम ओळखीचा. दोन गावांपैकी मोठं कुठलं असं विचारलं आणि एकाचंच नाव ऐकलेलं असलं, तर ते मोठं असं धरा. बऱ्याचदा बरोबर येतं, कारण मोठ्या गावांची नावं जास्त कानावर पडतात. आता मुंबईतल्या एखाद्याला विचारा, अंबड मोठं की अंतरवाली सराटी? (हशा) तो तुमचं नाव घेईल. अंबड तालुक्याचं ठिकाण आहे, पण २०२३ च्या सप्टेंबरपासून टीव्हीवर रोज नाव आलं ते या गावाचं. नियम बिघडला नाही, नाव कानावर पडायचं कारण बदललं. आणि नुसतं गावाच्या आकाराचं नाही. त्या दिवसांत टीव्हीवरचं एक चित्र बघून तुमच्या गावाबद्दल ‘मला आतून वाटतं’ असं मत बनवलेली माणसं मला भेटलीत, या बाजूची आणि त्याही बाजूची. इथे पाय न ठेवता. पोटातलं मत असंच बनतं, आणि ज्यानं बनवलं त्याला ते स्वतःच्या अनुभवासारखं वाटतं. गिगेरेन्झर सांगतात, की असा नियम चांगला की वाईट हे परिस्थितीवर ठरतं. बरोबर आहे. पण परिस्थिती बदललीय हे माणसाला आतून कळत नाही, या अडचणीवर त्यांनी आणखी जोर द्यायला हवा होता.

तिसरं पुस्तक गॅरी क्लाइन यांचं, ‘सोर्सेस ऑफ पॉवर’, १९९८. चौघांत हे कमी गाजलेलं, पण माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक. क्लाइन प्रयोगशाळेत बसले नाहीत. आग विझवणाऱ्यांकडे, परिचारिकांकडे गेले आणि विचारलं, त्या क्षणी काय दिसलं, काय ऐकलं? त्यात एक प्रसंग आहे. एका घरात स्वयंपाकघराच्या बाजूला आग. पथक आत शिरून पाणी मारतंय, पण आग दबत नाही. खोली असायला हवी त्याहून जास्त गरम, आणि आवाज असायला हवा त्याहून कमी. प्रमुखाला कसंसंच वाटलं. त्यानं माणसांना बाहेर काढलं आणि क्षणात जमीन खचली. आग खाली तळघरात होती.

आता महत्त्वाचं ऐका. त्या प्रमुखाला ‘कसं कळलं’ असं विचारलं, तेव्हा त्याला वाटत होतं, की आपल्याकडे काहीतरी अतींद्रिय शक्ती आहे. क्लाइननी खोदून विचारल्यावर उष्णता आणि शांतता हे दोन तपशील बाहेर आले. नेहमीच्या आगीचं चित्र त्याच्या मनात बसलेलं होतं आणि ही आग त्यात बसत नव्हती. हर्बर्ट सायमन यांनीही अंतःप्रेरणेची उकल अशीच केली आहे : ती म्हणजे ओळख पटणं. आपण माणसाचा चेहरा ओळखतो तशी परिस्थितीची ओळख.

यातून मी एक गोष्ट घेतली. अग्निशमनवाला म्हणतो, माझ्याकडे दैवी शक्ती आहे. पाणाड्याही तेच म्हणतो. दोघंही खोटं बोलत नाहीत, दोघांना खरंच तसं वाटतं. म्हणजे ‘तुला कसं कळलं’ याचं माणसानं स्वतः दिलेलं उत्तर हा पुरावा धरता येत नाही. ना त्याच्या बाजूनं, ना त्याच्या विरुद्ध.

चौथं पुस्तक डॅनियल कानेमन यांचं, ‘थिंकिंग, फास्ट अँड स्लो’, २०११. नोबेल मिळालेला माणूस. मनाच्या दोन चाली, एक झटपट आणि एक सावकाश, हे सगळ्यांनी उचललं. यात मला सगळ्यात खरा वाटतो तो त्यांच्या तरुणपणाचा अनुभव. इस्रायलच्या सैन्यात अधिकारी होण्यालायक जवान निवडायचं काम त्यांच्याकडे होतं. आठ अनोळखी जवानांना एक ओंडका भिंतीपलीकडे न्यायला लावायचा आणि बघायचं, पुढारपण कोण करतो. बघताना यांना लख्ख दिसायचं, हा होणार, हा नाही होणार. काही महिन्यांनी प्रशिक्षणाचे निकाल यायचे आणि कळायचं, की यांचे अंदाज जवळजवळ आंधळेच होते. पण दुसऱ्या दिवशी नवे जवान आले, की पुन्हा तितकंच लख्ख दिसायचं! चूक कळूनही खात्री कमी झाली नाही.

याच पुस्तकावर माझी एक तक्रार आहे आणि ती थोडी पुस्तकावर, थोडी त्याच्या वाचकांवर आहे. कानेमन आणि क्लाइन हे विरुद्ध गोटातले. एक म्हणायचा अंदाज फसवतो, दुसरा म्हणायचा वाचवतो. दोघांनी काही वर्षं एकत्र बसून वाद घातला आणि २००९ मध्ये मिळून एक निबंध लिहिला. निष्कर्ष असा, की अंदाजावर भरवसा ठेवायला दोन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. एक, त्या क्षेत्रात मुळात काही नियमितपणा असला पाहिजे. दोन, तो शिकायला माणसाला पुरेशी संधी मिळाली पाहिजे, म्हणजे आपण बरोबर की चूक हे लवकर आणि स्पष्ट कळलं पाहिजे. माणसाला स्वतःला किती खात्री वाटते, याला त्यात किंमत नाही. या सगळ्या विषयाचं सार हे आहे. आणि ते कानेमनच्या पुस्तकात कुठे आलंय? बाविसाव्या प्रकरणात. तोवर कितीतरी वाचक पुस्तक ठेवून ‘दोन चालीं’वर भाषण द्यायला गेलेले असतात. (हशा)

त्याच पुस्तकातल्या चौथ्या प्रकरणात काही प्रयोग फार ठामपणे सांगितलेत. नुसते काही शब्द वाचल्यानं माणसाचं वागणं बदलतं, वगैरे. पुढे ते प्रयोग इतरांना करून बघता येईनात. २०१७ मध्ये कानेमननी जाहीर कबूल केलं, की लहान लहान अभ्यासांवर आपण जास्त विश्वास ठेवला. आणि लहान नमुन्यावर माणसं अवास्तव विश्वास ठेवतात, हे १९७१ मध्ये लिहून दाखवणाऱ्या दोघांपैकी एक तेच होते! मी हे त्यांना खाली ओढायला सांगत नाही. उलट, चूक कबूल करायला मोठेपण लागतं. पण यातून कळतं, की चुकीचं शास्त्र पाठ असल्यानं चूक टळत नाही. बाहेरून कोणीतरी येऊन सांगावं लागतं.

आता त्या दोन अटी घेऊन आपल्या शिवारात चला.

वापसा. काळी माती ओली असली तर तिफणीला चिकटते, ढेकळं होतात. सुकली तर बी उगवत नाही. मधली अवस्था म्हणजे वापसा. हा निसर्गाचा पक्का नियम आहे, पहिली अट पुरी. आणि निकाल? पेरल्यावर आठवड्याच्या आसपास कोंब वर येतात किंवा येत नाहीत. ढेकळं तर त्याच दिवशी दिसतात. नुकसान ज्यानं अंदाज केला त्याचंच. दर हंगामात, खरिपाला, रब्बीला, प्रत्येक तुकड्यात वेगळं. चाळीस वर्षांत किती वेळा मातीनं माझ्या वडिलांना सांगितलं असेल, ‘चुकलास’! त्यांचा हात असा बसला.

आता तोच माणूस आभाळाकडे बघून म्हणतो, “या आठवड्यात पाऊस येतोय, धूळपेरणी करू.” खात्री तेवढीच. पण पावसाचं एका गावातून, एका माणसाच्या आयुष्यात किती शिकता येईल? कृषी खातं दरवर्षी सांगतं, पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. ते पाळणारा शेतकरी स्वतःच्या अंदाजाचा अपमान करत नाही. ज्या प्रश्नात हात बसू शकत नाही, तिथे तो मोजमापाचा हात धरतो. दुबार पेरणीचा खर्च काय असतो हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

आणि आता पाणाड्या. त्याच्यावर अन्याय करायचा नाही. पाण्याच्या खुणा जमिनीवर असतात हे आपल्याकडे फार जुनं ज्ञान आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, सहाव्या शतकात, कुठलं झाड, कुठलं वारूळ कुठे असलं तर पाणी कुठे, यावर आख्खा अध्याय आहे. चांगल्या पाणाड्याची नजर उंबरावर, नाल्याच्या वळणावर, उन्हाळ्यात टिकलेल्या हिरवळीवर जात असणार. श्रेय मात्र नारळाला जातं. हातातली काडी किंवा नारळ हलतो तो नकळत होणाऱ्या बारीक हालचालींनी. हे १८५२ मध्ये विल्यम कार्पेंटर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञानं मांडलंय. जर्मनीत म्युनिकजवळ १९८७-८८ मध्ये पाचशेच्या वर पाणाड्यांतून त्रेचाळीस निवडून एका कोठारात मोठी चाचणी झाली. खालच्या मजल्यावर पाण्याची नळी सरकवायची आणि वरच्या मजल्यावरून यांनी जागा सांगायची. बहुतेकांना काही जमलं नाही. संशोधकांना मूठभर जण खरे वाटले, पण जिम एनराइट यांनी तेच आकडे पुन्हा तपासले, तेव्हा तेही नशिबानं जमेल तितकंच निघालं. हे ध्यानात घ्या, की कोठारात उंबर नव्हता आणि नाला नव्हता. तिथे परीक्षा काडीची झाली, नजरेची नाही.

मग नजर तरी बसते का? इथे दुसरी अट आडवी येते. आपला खडक बेसॉल्टचा. पाणी वरच्या झिजलेल्या थरात, भेगांत, दोन थरांच्या सांध्यात, भोकाभोकांच्या खडकात असतं. वर दिसतं एक, खाली भेग कुठे जाते ते दुसरंच. कुठेही खणलं तरी काही बोअरना थोडंफार पाणी लागणारच. लागलं की गावभर नाव होतं. नाही लागलं, तर ‘अजून ऐंशी फूट’. म्हणजे चुकण्याला जागाच ठेवलेली नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, आमच्याकडे दोन बोअर कोरडे गेल्यावर तो पाणाड्या पुन्हा आमच्या बांधावर आला नाही. पैसे घेतले, गेला. त्याच्या हिशेबात आमचं रान कदाचित आजही ‘पाणी दाखवलं’ या खात्यात असेल. मातीनं माझ्या वडिलांना जे सांगितलं, ते त्याला कोणीच सांगितलं नाही. मीही नाही. मग तो शिकणार कसा?

आता स्वतःबद्दल एक कबुली. त्या दिवशी नारळ उभा राहिला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. मी काही बोललो नाही. कितीतरी वर्षं मी मित्रांना सांगत आलो, “मला त्याच दिवशी आतून कळलं होतं.” मग एकदा शांतपणे आठवून पाहिलं. ठिबक बसवलं तेव्हाही पोटात गोळा आला होता. बहिणीचं लग्न ठरलं तेव्हाही, आणि तिचा संसार उत्तम चाललाय. ते गोळे मी विसरलो. जो खरा ठरला तेवढाच लक्षात ठेवला आणि त्याला ‘अंतर्ज्ञान’ म्हटलं. पाणाड्या चुकलेले बोअर विसरला, मी चुकलेले गोळे विसरलो. आमच्या दोघांत फरक एवढाच, की मी पुस्तकं वाचलेली होती.

पोटातल्या गोळ्याला किंमत नाही, असं मी म्हणत नाही. अंतोनियो दमासिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा पत्त्यांचा प्रयोग आहे. खेळणाऱ्याला वाईट गड्डी कोणती हे सांगता यायच्या आधी तिच्याकडे हात नेताना त्याच्या तळहाताला घाम येतो. २००४ मध्ये माइया आणि मॅकलेलँड यांनी खेळणाऱ्यांना नीट खोदून विचारलं, तेव्हा दिसलं की त्यांना डोक्यानंही बरंच कळलेलं असतं. वाद चालू आहे. माझ्यापुरतं मी असं ठरवलंय, की गोळा आला की थांबायचं आणि विचारायचं. मी त्या दिवशी एवढंच विचारायला हवं होतं, “दादा, यंदा तुम्ही दाखवलेले किती बोअर कोरडे गेले?” याला घामही फुटावा लागत नाही. भूजल सर्वेक्षणाच्या माणसाला बोलावलं असतं, तरी पाण्याची हमी मिळाली नसती; खडक त्यालाही फसवतो. पण तो चुकला तर ती चूक कागदावर राहते आणि पुढच्याच्या कामी येते.

आजी, तुम्ही म्हणालात, ‘कळतं ते कळतं’. भाकरीच्या बाबतीत तुमचं शंभर टक्के मान्य. तुमच्या हातानं हजारो भाकरी फाटलेल्या पाहिल्यात. बाकी बाबतीत मी एवढंच विचारीन, की या बाबतीत तुमची भाकरी आजवर किती वेळा फाटली, आणि फाटली तेव्हा तुम्हाला दिसली का? (टाळ्या)

प्रश्न (एक तरुण) : सर, तुम्ही निकाल कळला पाहिजे म्हणता. पण आपल्या गावानं उपोषण पाहिलंय. माणूस उपोषणाला बसतो तो आतल्या आवाजावर बसतो. तिथे पेरणीसारखा आठ दिवसांत कोंब कुठे येतो?

उत्तर : फार चांगला प्रश्न आहे. इथल्या आंदोलनावर मी बोलणार नाही. ते तुमचं आहे, तुम्ही जास्त जाणता. जुनं उदाहरण घेतो. १९३३ मध्ये पुण्यात, येरवड्याच्या तुरुंगात, गांधीजींनी ८ मे पासून एकवीस दिवसांचं उपोषण धरलं. त्यांनी सांगितलं, की मला आतून आवाज आला. जवळच्या माणसांनी परोपरीनं विनवलं, ऐकलं नाही. नंतर ‘हरिजन’मध्ये लिहिताना त्यांनी हेही सांगितलं, की न मानणाऱ्याला पटवायला माझ्याकडे पुरावा नाही.

माझ्या दोन अटी इथे लागू होत नाहीत, हे मी कबूल करतो. पाणी कुठे आहे, याला बरोबर-चूक उत्तर असतं. मी काय करावं, याला तसं नसतं. तो आवाज अंदाजाचा नाही, कर्तव्याचा आहे, आणि मी आज सांगितलेली पट्टी त्याला लावली तर चूक माझी. पण एक गोष्ट तिथेही बघता येते. आवाज ऐकला त्यांनी आणि उपाशी राहिले तेही तेच. आमच्या बांधावर आवाज ऐकला एकानं आणि बाग गेली दुसऱ्याची. कोणी म्हणालं ‘मला आतून वाटतं’, तर ते वाटणं खरं की खोटं हे मला दर वेळी ठरवता येणार नाही. चुकलं तर भरणार कोण, एवढं मात्र मी विचारू शकतो. तेही आधी, मशीन रानात उभी राहण्यापूर्वी.